पणजीला, कागद न घेता

वयनी, परवा तुझं बारावं झालं आणि काल सकाळी गडहिंग्लजहून माझ्या भाच्याचा फोन आला. संदीप. तुला आठवत असेल, लहानपणी आला होता तेव्हा तुझ्या माडाखाली उभा राहून नारळ कधी पडतो याची वाट बघत बसला होता आणि तू त्याला कान धरून बाजूला ओढलं होतंस. तो म्हणाला, "आत्ती, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं येतोय. पणजीत बघण्यासारखं काय काय आहे ते एका कागदावर लिहून ठेव. तू चाळीस वर्षं तिथं काढलीस, तुला नाही तर कुणाला माहीत असणार?"

मी कागद घेतला, चष्मा लावला, एक आकडा घातला आणि तिथंच अडकले. मला माहीत असलेली पणजी तू दाखवलेली. त्या पणजीत अकरा वाजेपर्यंत सावली असणारी बाकं आहेत, चहा न घेता पाणी देणारं एक हॉटेल आहे, आणि कुठल्या कचेरीतला शिपाई कितीला विडी ओढायला खाली उतरतो त्याची वेळ आहे. हे त्या पोरांना दाखवून काय करू? म्हणून संदीपचा कागद बाजूला सारला आणि तुलाच लिहायला बसले. तसंही तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. इतकी वर्षं रोज तुझ्या अंगणात बसले, रोज जिभेवर आली, रोज गिळली. तू गेल्यावर ती सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं, पण सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

मी इकडे पेडण्यात, पार्शाला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्या ह्यांना तुयेच्या कारखान्यात काम लागलं आणि पाठोपाठ मलाही तिथंच, खोकी भरायच्या खात्यात. तुझ्या घराशेजारी भाड्याची खोली मिळाली. पहिल्या दिवशी मी तुला "तुम्ही" म्हटलं तर तू मागे वळून बघितलंस. "अगो, 'तुमी' कोणाक म्हणटा? हांव एकलीच उबी आसां." आमच्याकडे थोरल्या बाईला तू म्हटलं तर थोबाड फुटायचं. तुमच्याकडे तुम्ही म्हटलं की परकं वाटायचं. तुला तू म्हणायला मला महिना लागला, आणि एकदा म्हटल्यावर मग मी तुझ्याशी भांडायलाही लागले.

आपलं पहिलं भांडण पणजीवरूनच. चार महिने झाले होते, मी तुये आणि पार्से सोडून काही पाहिलं नव्हतं. आई पत्रातून विचारायची, गोवा कसा आहे? काय कळवू? खोकी कशी आहेत ते? तुला म्हटलं, वयनी, मला एकदा पणजी बघायची आहे. तू नारळ किसत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "पणजी पळोवंक कोण वता गो? पणजेक कामाक वतात."

तू थट्टा करत नव्हतीस. आपल्या पेडण्याच्या माणसाला पणजी म्हणजे कचेरी. तिथं जायचं तर कागद घेऊन जायचं आणि सही घेऊन यायचं, नाहीतर सही न घेता यायचं. तुला तर त्या वाटेवर डोळे बांधून सोडलं तरी चालली असतीस. तुमचं घर भाटकाराच्या जमिनीत, तीन पिढ्यांचं. कायदा तुमच्यासारख्या, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराच्या बाजूचा होता, पेडण्याच्या मामलेदाराने निकालही तुमच्या बाजूने दिला होता, पण भाटकार वर पणजीला अपिलात गेला. तो निकाल येईपर्यंत घराला हात लावायचा नाही. कौलं फुटली तरी बदलायची नाहीत. भावोजी डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे, पहाटे जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. म्हणून त्या तारखांना तूच जायचीस, ती निळी फाईल छातीशी धरून.

मी हट्ट सोडला नाही. मी मुळात उतावळी आणि त्यात हट्टी. शेवटी तू कबूल झालीस. कारखान्याला मंगळवारी सुट्टी असायची, तो दिवस ठरला. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेली पिवळी साडी नेसले. तू दाराबाहेर आलीस आणि बघते तर काखेत फाईल.

"वयनी, आज फिरायला जायचंय ना?"

"फिरपाकूच वतां. पूण सायब मेळल्यार? फायल बरोबर आसल्यार बरी."

त्या वर्षी मांडवीवरचा पूल पडलेला होता. बस बेतीपर्यंत, पुढे फेरी. मला कठड्याला टेकून नदी बघायची होती. समोर पणजी, लाल कौलं, मध्ये पांढरी इगर्ज, आमच्याकडे चर्च म्हणतात ती. तू माझा हात धरून मला पार पुढे नेलंस, जिथं गाड्या उतरतात तिथं. तुझा नियमच होता, फेरीत जो पुढे तो कचेरीत पहिला. मी म्हटलं, आपल्याला कुठं कचेरीत जायचंय? तू ऐकलं नाही असं दाखवलंस. भिंतीभिंतींवर तेव्हा भाषेच्या घोषणा रंगवलेल्या होत्या, मराठी की कोंकणी म्हणून माणसं हातघाईवर आली होती, फेरीतही दोघा जणांची तेवढ्यात जुंपली. तू देवापुढची पोथी मराठीत वाचणारी आणि कोंबड्यांना कोंकणीत शिव्या देणारी. तू त्यांना म्हणालीस, "कागद खंयचेय भाशेंत आसूं, ताचेर सही जावंक जाय." दोघेही हसले आणि गप्प झाले.

उतरल्यावर तू मला खरंच पणजी दाखवायला लागलीस. तुझ्या परीने. नदीकाठच्या जुन्या राजवाड्याच्या बाजूला तो काळा पुतळा आहे ना, हात पसरून उभा असलेला पाद्री आणि त्याच्यापुढे मागे कललेली बाई? संमोहन करणाऱ्या पाद्र्याचा पुतळा आहे तो, मला नंतर कळलं. तू सांगितलंस, "हो सायब. ती बाय कागद घेवन आयल्या. तो तिका म्हणटा, फाल्यां यो. म्हणून ती भोंवळ येवन पडटा." उद्या ये म्हटल्यावर भोवळ! मी रस्त्यात पोट धरून हसले. अजूनही तो पुतळा दिसला की मला त्या बाईच्या हातात फाईल दिसते. संदीपला मी हेच सांगणार आहे, खरा इतिहास त्याने पाटीवर वाचावा.

पण दहा मिनिटांत तू मला इगर्जेसमोरच्या बागेपलीकडे, त्या कचेरीत नेऊन बसवलंस. शिपायाने सांगितलं, साहेब आज जागेवर आहेत, नावं पुकारतील. तुझा चेहरा असा उजळला की मला बोलवेना. पण मनातून मी धुमसत होते. एका बाकावर आपण तासभर बसलो. मग तू म्हणालीस, इतक्या महिन्यांनी साहेब जागेवर मिळाला ही महालक्ष्मीचीच कृपा, तिला पाया पडून येते. फाईल माझ्या मांडीवर ठेवलीस. "तूं हांगा बस. म्हजें नांव घेतलें काय 'आसा' म्हण, फायल दी आनी माका आपोवंक धांव." मी हजर म्हणायचं आणि तुला बोलवायला धावायचं, एवढंच काम.

वयनी, सांगायची गोष्ट ती हीच. मी तिथं बसले नाही.

पंधरा मिनिटं बसले असेन. खिडकीतून इगर्जेचा एक पांढरा कोपरा दिसत होता. आतून काही हालचाल नव्हती, शिपाई जांभया देत होता. मला वाटलं, आत्ता जाऊन आत्ता येते. फाईल काखेत मारली आणि निघाले. रस्ता ओलांडून त्या पायऱ्या चढायला लागले. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पांढऱ्या शुभ्र पायऱ्या. वर गेले आणि मागे वळले. खाली बाग, कौलांची घरं, त्यांच्यापलीकडे नदी, नदीत आपली फेरी. वारा असा होता की पदर हातात राहीना. मला आई आठवली, आणि तिला लिहायला काहीतरी मिळालं म्हणून इतका आनंद झाला की काय सांगू. तिथंच पायरीवर बसले. किती वेळ बसले ते खरंच माहीत नाही.

परत आले तर शिपाई म्हणाला, "पार्शेचें नांव दोन फावटी घेतलें. सायब उठले." मी त्याच बाकावर बसले. फाईल पुन्हा मांडीवर घेतली. थोड्या वेळाने तू आलीस, हातात केळं आणि जास्वंदीचं फूल. काय झालं म्हणून विचारलंस. आणि मी म्हणाले, "साहेब न पुकारताच उठून गेले, वयनी."

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "बरें. आयज मेळूंक ना जाल्यार फाल्यां मेळटलो." केळं मोडून अर्धं मला दिलंस. एरवी तू शिपायाची उलटतपासणी घ्यायचीस, साहेब कुठं गेला, कधी येणार, कुणाबरोबर गेला. त्या दिवशी एक अक्षर विचारलं नाहीस. मला वाटलं, सुटले.

आणि मग तू मला फोंतेन्हसला घेऊन गेलीस. तुझा वकील तिथं राहायचा, म्हणून ती गल्ली तुला पाठ. पण त्या दिवशी वकिलाच्या दारासमोरून आपण तशाच पुढे गेलो. पिवळी घरं, निळी घरं, खिडक्यांना पांढऱ्या कडा, एका सज्जात पिंजऱ्यातला पोपट. तू म्हणालीस, इतकी वर्षं या दारात बसते, पण वर सज्जा आहे हे बघितलंच नव्हतं. मग त्या पाणी देणाऱ्या हॉटेलात पातळ भाजी आणि उंडो, तो कडक कवचाचा गोल पाव. नदीकाठच्या कठड्यावर बसून खाजं खाल्लं. परतीच्या फेरीत तू मला मागच्या बाजूला उभी राहू दिलंस. पणजी लांब जाईपर्यंत मी बघत होते. तूही माझ्याशेजारी उभी राहून पणजीकडेच बघत होतीस. मला वाटलं, सही न झाल्याचं दुःख करते आहे.

पुढल्या महिन्यात त्या साहेबाची बदली झाली. नवा आला, त्याने सगळं पहिल्यापासून मागितलं. दुसऱ्या वर्षी गोवा राज्य झालं, पेडण्यात फटाके वाजले. तू पडवीत उभी राहून म्हणालीस, "राज्य जालें म्हणटात. आतां तरी सायब जाग्यार मेळटलो?" मेळला, पण त्यानंतरही दोन पावसाळे गेल्यावर. तीन पावसाळे तुमचं घर चुडतांखाली राहिलं. माडाच्या झावळ्यांची ती चुडतां विणायला मी न बोलावता यायची. बोटं सोलवटून निघायची. तू हसायचीस, "घर म्हजें गळटा आनी न्हीद तुका ना!" खरंच नव्हती, वयनी. पाऊस सुरू झाला की मी अंथरुणात उठून बसायची आणि तुझ्या घरात भांडी कुठं कुठं ठेवली असतील याचा विचार करायची.

कितीदा ठरवलं सांगायचं. तुझा निकाल लागला त्या दिवशी तू माझ्या तोंडात साखर घातलीस, तेव्हा तर ओठावर आलं होतं. पण तू इतकी आनंदात होतीस. मग वाटलं, झालं ना काम, आता कशाला? वर्षं गेली की गोष्ट सांगणं सोपं होतं म्हणतात. माझ्या बाबतीत उलट झालं.

निकालानंतर मी तुझ्यामागे लागले होते, आता एकदा खरंच कागद न घेता जाऊ. तू म्हणायचीस, जाऊया. मग भावोजींचं पेन्शन निघालं, मग तुझ्या मंगलच्या लग्नाचा दाखला, मग भावोजींची आजारपणं. आपण पणजीला पन्नास वेळा तरी गेलो असू, पण फाईलशिवाय एकदाही नाही. पूल नवे झाले, नदीत ती जुगाराची जहाजं येऊन उभी राहिली, तुझं पाणी देणारं हॉटेल गेलं. तुझे गुडघे गेले. गेल्या वर्षी मी चिडून म्हटलं होतं, "वयनी, आयुष्यभर तू पणजीत फक्त रांगा बघितल्यास." तू म्हणालीस, "ना गो. एकदां पळयल्या हांवें पणजी." मी म्हटलं, केव्हा? तू चहा ठेवायला उठलीस. मला वाटलं, फोंतेन्हसचं म्हणते आहे. तो वाद तसाच राहिला.

तुझ्याशिवाय मला करमत नाही, वयनी. सरळच सांगते. सकाळी तुझ्या अंगणाकडे पाय आपोआप वळतात आणि मध्येच लाज वाटून परत येते.

इथवर लिहिलं होतं आणि संध्याकाळी मंगल आली. तुझी मुलगी आता हुबेहूब तुझ्यासारखी चालते. हातात तीच निळी फाईल, कडा फाटलेल्या. म्हणाली, "मावशे, घर म्हज्या नांवार करपाचें आसा. मंगळारा पणजेक वचूंक जाय. तूं येशी म्हज्याबरोबर?" फाईल बघितली आणि माझा बांध फुटला. तुला सांगायचं ते सगळं मी तिला सांगितलं. बाक, पायऱ्या, शिपाई, खोटं, चुडतां. तिने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी आहे.

"मावशे, तुका खबर ना? आवयन तुका पळयल्ली."

"तुझ्या आईने मला बघितलं? कुठं?"

"देवळांतल्यान येतना. तूं इगर्जेच्या पांवड्यांचेर. हळदुवी साडी, काखेंत आमची फायल आनी तोंडार इतलें हांशें! आमी पणजेची गजाल काडली काय आवय हेंच सांगताली. सकयल बागेंत बाकार बसून तुका पळयत रावली म्हणे."

"आणि साहेब? तिला माहीत होतं ना साहेब आत आहे म्हणून? हाक का नाही मारली?"

मंगलने फाईलच्या कडा सारख्या केल्या. मग म्हणाली, "हांवेंय विचारिल्लें. म्हणटाली, 'त्या दिसा पयलेच खेपे म्हज्या हातांत फायल नासली गो. माकाय मात्शें बसून रावचेंशें दिसलें.'"

वयनी, म्हणजे फाईल पहिल्यांदाच हातात नाही म्हणून तूही जरा बसून राहिलीस, आपण दोघी एकाच वेळी पळालो होतो. मी वर आणि तू खाली. आणि मी मात्र तीन पावसाळे बोटं सोलून घेतली आणि तू मजेत बघत राहिलीस. सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मग विचार केला, मी तरी कुठं सांगितलं? शेजारी बसून दोघी एकच गोष्ट लपवत होतो. आधी मी रडले, मग हसायला आलं, मग मंगलही हसायला लागली. तुझ्या अंगणाशेजारीच बसून, तुझं सुतक फिटून चार दिवस झाले नसताना. तू असतीस तर तूही हसली असतीस, तोंडाला पदर लावून.

संदीपचा कागद मी पुढे ओढला. त्यावर एवढंच लिहिलं: फेरीने या, पुलावरून नको. मागच्या बाजूला उभे राहा. इगर्जेच्या पायऱ्या चढा आणि अर्ध्यावर बसा. आणि एकाने खाली बागेत बसून वरच्यांकडे बघा.

आणि मंगलला सांगून ठेवलं आहे, मंगळवारी बरी साडी नेस. तिने विचारलं, कचेरीत जायला बरी साडी कशाला? मी काही बोलले नाही. कचेरीत पोचलो की तिच्या हातातून फाईल काढून घेणार आहे आणि तिला पायऱ्यांकडे पिटाळणार आहे. फाईल माझ्या मांडीवर असेल, वयनी. आणि या खेपेला तुझं नाव पुकारेपर्यंत मी जागची हलणार नाही.